नवीन बांधलेलं इंजिन स्टार्ट होत नाहीये? पद्मिनीवर शिकलेलं सगळं, क्रमाने

बोअरिंग झालं, क्रँक ग्राइंड करून आणला, पिस्टन-रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, हेडला फेस मारला, व्हॉल्व्ह घासले, तीन महिने शनिवार-रविवार घालवून इंजिन बांधलं, चेन ब्लॉकने उचलून गाडीत बसवलं, घरातले सगळे गॅलरीत येऊन उभे राहिले, चावी फिरवली आणि काहीच नाही. सेल्फ फिरतोय, इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. माझं हे झालंय, बाबांच्या १९८८ च्या प्रीमियर पद्मिनीवर, आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती, म्हणून ज्यांनी पहिल्यांदाच घरी इंजिन बांधलंय त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून ठेवतोय.

उदाहरण पद्मिनीचंच घेतो कारण तेच मला आतून माहीत आहे. कुर्ल्याला बनायची ती गाडी, १०८९ सीसी, ६८ मिलीमीटर बोअर, ७५ मिलीमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगना स्पार्क वाटतो तो, आणि पॉइंट म्हणजे त्यातली कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं), व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि वर पुशरॉड-रॉकर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली पण घराघरात जपून ठेवलेल्या अजून बऱ्याच आहेत आणि त्यांची इंजिनं आता एकेक करून कामाला येतायत. कार्बोरेटर आणि पॉइंट असलेली दुसरी कुठलीही जुनी गाडी असेल, अँबॅसॅडर असेल, जुनी जीप असेल, तरी हाच क्रम चालतो. मारुती ८०० ला तीन सिलिंडर आणि टायमिंग बेल्ट, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-२, तेवढा फरक धरून चला. इंजेक्शनवाल्या गाडीला सेन्सर आले, त्यांची गोष्ट वेगळी, पण कॉम्प्रेशन (पिस्टनने आतली हवा दाबणं), टायमिंग (स्पार्क आणि व्हॉल्व्हची वेळ जुळणं) आणि अर्थिंग त्यांनाही लागतंच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. चालती गाडी बंद पडली तर काहीतरी खराब झालेलं असतं. नवीन बांधलेलं इंजिन चालू होत नसेल तर बहुतेक वेळा खराब काहीच नसतं, काहीतरी चुकीचं बसलेलं असतं किंवा बसवायचं राहिलेलं असतं, आणि ते आपण हात लावलेल्या जागीच असतं. म्हणून पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाऊन नवीन कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवते ती), नवीन कंडेन्सर, नवीन पंप असं एकामागून एक आणत बसू नका. मी कॉइल आणली होती, पैसे गेले आणि शोध भलत्याच दिशेला गेला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या तर कशाने फरक पडला तेच कळत नाही.

सगळ्यात आधी: सेल्फ मारणं थांबवा

पहिल्या दोन प्रयत्नांत पकडलं नाही की माणूस हट्टाला पेटतो आणि सेल्फ मारतच राहतो. नवीन इंजिनाला हे सगळ्यात वाईट. चोक ओढलेला असतो, पेट्रोल आत जात राहतं, ते बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगा अजून बसलेल्या नसतात, कॉम्प्रेशन आणखी पडतं, आणि तेच पेट्रोल खाली जाऊन चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतलं, ऑइल पातळ करतं, ज्याच्यावर तुमची नवी बेअरिंगं फिरणार आहेत. वर बॅटरी उतरते आणि सेल्फ तापतो. एका वेळी दहा सेकंद, मग निदान एक मिनिट थांबायचं. आणि धक्का स्टार्ट तर अजिबात नको, टायमिंग चुकलेलं असेल तर पोरांना घाम फुटेल आणि गाडी फक्त थाडथाड उडेल.

पेट्रोलचं काम आहे म्हणून फायर एक्स्टिंग्विशर किंवा निदान कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवा, आणि एअर क्लीनर काढून बाटलीने थेट कार्बोरेटरच्या घशात पेट्रोल ओतत सेल्फ मारायचा प्रकार करू नका, बॅकफायर झालं की ज्वाळा वर येते आणि बाटली तुमच्या हातात असते.

इंजिन फिरतं कसं ते ऐका

चारही प्लग काढा, गाडी न्यूट्रलला टाका, पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघा. नवीन रिंगांमुळे थोडं जड लागणारच, पण एकसारखं जड लागलं पाहिजे. एका जागी अडत असेल, किंवा पान्याला पाईप घालून लटकावं लागत असेल तर तिथेच थांबा, हा स्टार्टिंगचा प्रश्नच नाही. मेन बेअरिंगच्या किंवा कनेक्टिंग रॉडच्या कॅपा अदलाबदल झाल्यात का, उलट्या बसल्यात का ते बघायला चेंबर उतरवावाच लागेल. प्लग असताना दगडासारखं अडलं आणि प्लग काढल्यावर भोकातून पाणी उडालं तर हेड गास्केटमधून पाणी आत येतंय.

हाताने नीट फिरतंय पण सेल्फवर रडत रडत फिरतंय, हे फार कॉमन आहे आणि याचं कारण बहुतेक वेळा रंग असतो. इंजिन बांधताना आपण हौसेने ब्लॉक रंगवतो. मी पण रंगवला होता, छान निळा. इंजिन आणि बॉडीच्या मधे जी विणलेली अर्थची पट्टी असते ती मी त्या रंगाच्या थरावर बसवली होती. रंग म्हणजे इन्सुलेशनच. सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबायचं, आणि तिसऱ्या वेळी मला चोकच्या वायरीतून धूर दिसला, हात लावला तर चटका बसला. सेल्फ शेकड्याने अँपिअर ओढतो, त्या करंटला परतीचा जाड रस्ता नाही मिळाला तर तो चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून वाट काढतो. चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली की दुसरीकडे शोधायचं नाही, अर्थ पट्टी सोडा, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, पट्टीची दोन्ही टोकं घासा, पुन्हा आवळा. पट्टी बसवायचीच राहिली असेल तर तीही सापडेल.

बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी किंवा टर्मिनल कमजोर समजा. सेल्फ इतका करंट खातो की इग्निशनला उरत नाही.

आता आवाज. प्लग लावून सेल्फ मारला की निरोगी इंजिन ठेक्यात फिरतं, रुं-रुं-रुं-रुं, प्रत्येक कॉम्प्रेशनला किंचित अडखळून पुढे जातं. हाच आवाज सपाट, मिक्सर रिकामा फिरवल्यासारखा एकसारखा आला तर कॉम्प्रेशनच नाहीये. त्याच्याकडे खाली येतो.

आणि हो, प्लग काढलेलेच आहेत तर दहा-दहा सेकंद सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझतो का बघून घ्या, किंवा मीटर असेल तर काटा हलतो का. कोरडा ऑइल पंप पहिल्यांदा ऑइल पकडायला वेळ घेतो. दिवा विझल्याशिवाय इंजिन चालू करायचा विचारच करू नका, चालू झालं तर ते जास्त महागात पडेल. हे सगळं करताना कॉइलची मधली वायर काढून तिचं टोक बॉडीला टेकवून ठेवा.

करंट येतोय का

गॅरेजमध्ये स्पार्कला करंटच म्हणतात, मीही तेच म्हणतो. एक जादा प्लग घ्या, प्लगच्या वायरीला लावा, त्याचा लोखंडी भाग ब्लॉकच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकांपासून आणि कार्बोरेटरपासून लांब, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. निळसर पांढरा, टक-टक आवाज करणारा करंट पाहिजे. पिवळा, केसासारखा बारीक असेल तर कमजोर.

अजिबातच नसेल तर वीस-तीस रुपयांचा टेस्ट लॅम्प काढा, म्हणजे १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून पातळ वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. इग्निशन ऑन करून इंजिन हळूहळू फिरवा. पॉइंट मिटले की बल्ब विझला पाहिजे, उघडले की लागला पाहिजे. सेल्फवर तो लुकलुकतो. एवढ्या एका बल्बने निम्मा प्रश्न सुटतो. सतत लागलेलाच राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटतात पण मधे घाण आहे. नवीन पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ हात दिलेला असतो, तो पुसायला लोक विसरतात, पेट्रोल लावलेलं स्वच्छ कापड फिरवा आणि मग एक कोरं व्हिजिटिंग कार्ड दोन पॉइंटच्या मधून ओढून काढा, कार्डावर काळी रेघ येते का बघा, येईनाशी होईपर्यंत ओढा. बल्ब कधीच लागला नाही तर वायर कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला लावून बघा, तिथेही नसेल तर चावीकडून सप्लायच येत नाहीये, तिथे लागत असेल पण इकडे नाही तर पॉइंट कायमचे अर्थ झालेत. हे दुसरं नवीन बसवलेल्या पॉइंटला हमखास होतं, कारण त्या छोट्याशा स्क्रूवर फायबरचे वॉशर, पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर हे सगळं एका ठराविक क्रमाने बसतं, एक वॉशर इकडचा तिकडे झाला की करंट सरळ बॉडीत. खोलताना मोबाईलवर फोटो काढला असेल तर आता तो उपयोगी पडेल.

पॉइंटचा गॅप पूर्ण उघडल्यावर साधारण ०.४ ते ०.५ मिलीमीटर, फिलर गेजने बघायचा, नजरेने नाही. इग्निशन ऑन ठेवून जेवायला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते.

कॉइलच्या मधल्या वायरीतून करंट येतोय पण प्लगला येत नाही, असं असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा. रोटर, म्हणजे आत फिरून एकेका वायरीला करंट देणारा तुकडा, आहे का? हसू नका, तो काढून टेबलावर ठेवलेला असतो आणि कॅप लावून टाकतात. कॅपच्या मधला छोटा कार्बन आणि त्याची स्प्रिंग जागेवर आहे का, कॅपला आतून केसासारखी काळी भेग आहे का तेही बघा.

पेट्रोल

इथे फार वेळ घालवायची गरज नसते. कार्बोरेटरकडे येणारा पाईप काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर अर्थ करूनच ठेवा, सेल्फ मारा. ठेक्याने पिचकारी आली पाहिजे. टाकी मागे, पंप पुढे, पाईप तीन महिने कोरडा, त्यामुळे पहिल्यांदा पेट्रोल यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बॅटरी उतरते. म्हणून मी मोठ्या सिरिंजने कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्येच पेट्रोल भरतो, इंजिन थंड असताना, आणि सांडलेलं पुसून, वास जाईपर्यंत थांबून मग सेल्फ मारतो. फ्लोट चेंबरमधलं तेवढं पेट्रोल इंजिन अर्धा-एक मिनिट चालायला पुरतं, तोपर्यंत पंप पकडतो.

पंप पिचकारी मारत नसेल तर आत येणारा आणि बाहेर जाणारा पाईप उलटे लागलेत का बघा. मग पंप आणि ब्लॉकच्या मधला जाड पॅकिंग बघा. पंपाचा लिव्हर कॅमशाफ्टवर घासून हलतो, दोन पॅकिंग जास्त घातले की लिव्हर पोचतच नाही, कमी घातले तर दाबून राहतो आणि तुटतो. जेवढ्या जाडीचा निघाला होता तेवढ्याच जाडीचा परत घाला.

गाडी खोलून ठेवली त्या काळातलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याचा वास वार्निशसारखा येतो आणि ते पेटत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते खाली वेगळं होऊन बसतं आणि टाकीतून पहिलं तेच वर ओढलं जातं. जुन्या गाडीचे रबरी पाईप आणि पंपाचा डायफ्रॅम याच निमित्ताने बदलून टाका, जुनं रबर या पेट्रोलला टिकत नाही.

प्लग काढल्यावर ओला निघाला तर पेट्रोल येतंय, जास्तच येतंय. प्लग सुकवा, चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि दहा सेकंद सेल्फ मारा, म्हणजे आतलं बाहेर फेकलं जाईल. प्लग खडखडीत कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये.

टायमिंग, म्हणजे खरी मेख

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी पकडत नाही, उलट कार्बोरेटरमधून थाड करून येतंय किंवा सायलेन्सरमधून फटाका. इथेच मी चार दिवस अडकलो होतो. मला वाटत होतं की माझं टायमिंग बरोबरच आहे कारण पुलीवरची खूण कव्हरवरच्या खुणेला अगदी जुळवून मी डिस्ट्रिब्युटर बसवला होता, रोटर एक नंबरच्या, म्हणजे पंख्याकडच्या सिलिंडरच्या, वायरीकडे होता, चूक कुठे असणार?

आमच्या सोसायटीत खाली एक काका राहतात, आयुष्यभर टॅक्स्यांची इंजिनं बांधली त्यांनी, आता हात थरथरतात म्हणून काम सोडलंय. पाचव्या दिवशी ते खाली येऊन उभे राहिले, थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाले, “एक नंबरचा प्लग काढ आणि तिथं अंगठा लाव.” मी लावला. “आता पुली फिरव, हळू.” माझ्या भावाने पान्याने पुली फिरवली. खूण जवळ येत गेली, अंगठ्याखाली काहीच नाही, भोक नुसतं थंड आणि तेलकट. खूण जुळली. “रोटर कुठे बघतोय?” एक नंबरकडे. “आता अजून एक फेरा.” भाऊ फिरवत राहिला आणि अर्ध्या फेऱ्यानंतर अंगठ्याला आतून दाब लागायला लागला, वाढत गेला, शेवटी अंगठा दाबून धरता येईना, फुस्स करून बाजूने हवा सुटली आणि खूण परत जुळली. रोटर आता चार नंबरकडे बघत होता. काका म्हणाले, “हा तुझा एक नंबर. तू उलटा बांधलायस.”

झालं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे तुमचे चार दिवस वाचतील. फोर स्ट्रोक इंजिनात एका पॉवर स्ट्रोकसाठी क्रँक दोन फेरे घेतो, कॅमशाफ्ट आणि डिस्ट्रिब्युटर एकच. म्हणजे पुलीवरची खूण दोनदा जुळते, एकदा एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशन करून वर येतो तेव्हा, आणि एकदा जळलेला धूर बाहेर ढकलून वर येतो तेव्हा. पुली दोन्ही वेळा सारखीच दिसते. मी दुसऱ्या वेळी डिस्ट्रिब्युटर बसवला होता, त्यामुळे करंट बरोबर डिस्ट्रिब्युटरचा अर्धा फेरा, म्हणजे क्रँकचा पूर्ण एक फेरा, चुकीच्या वेळी, इनटेक व्हॉल्व्ह उघडायच्या तोंडावर पडत होता आणि आग कार्बोरेटरमधून वर येत होती.

ओळखायच्या दोन पद्धती. एक अंगठ्याची, ती सांगितली. एक नंबर म्हणजे पंख्याकडचा सिलिंडर. दुसरी रॉकर कव्हर काढून, आणि मला ही जास्त भरवशाची वाटते. खूण जुळवा आणि चार नंबरच्या दोन रॉकरकडे बघा. पुली किंचित मागेपुढे हलवली की एक रॉकर वर येतोय आणि त्याच क्षणी दुसरा खाली जातोय, तराजूसारखे डोलतायत, असं दिसलं तर चार नंबर धूर ढकलून वर आलेला आहे, म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनला आहे. त्या वेळी एक नंबरचे दोन्ही रॉकर सैल, बोटाने टिकटिक हलले पाहिजेत. एक आणि चार जोडी, दोन आणि तीन जोडी, हे लक्षात ठेवा.

उलटं निघालं तर डिस्ट्रिब्युटर काढायची पण गरज नाही. कॅपवर एक आणि चारच्या वायरी एकमेकींच्या जागी, दोन आणि तीनच्या एकमेकींच्या जागी लावा, झालं. मी तसंच केलं आणि दुसऱ्या सेल्फला इंजिनाने पकडलं. नंतर सवडीने डिस्ट्रिब्युटर काढून नीट बसवला, म्हणजे पुढच्या माणसाचा गोंधळ नको.

फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि वायरी याच क्रमाने रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने लावायच्या. रोटर कुठल्या दिशेने फिरतो हे पाठ करू नका, कॅप काढा, कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि डोळ्यांनी बघा. दिशा उलटी धरली तर एक आणि चार बरोबर येतात, दोन आणि तीन चुकतात, आणि इंजिन थडथडत अर्धवट पकडून सोडून देतं.

मग बारीक सेटिंग. एक नंबर कॉम्प्रेशनला आणून, तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या खुणेवर, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी, पुली थांबवा. तोच टेस्ट लॅम्प कॉइलला लावा, डिस्ट्रिब्युटरचा क्लँप सैल करा, बॉडी हळूहळू फिरवा, बल्ब ज्या क्षणी लागेल तिथे आवळा. पुली जास्त पुढे गेली तर नुसती उलटी आणून थांबवू नका, चांगली मागे नेऊन परत पुढे आणा, चेन आणि गिअरमधली ढिलाई एकाच बाजूला राहिली पाहिजे.

टायमिंग चेनच चुकलीये अशी शंका असेल तर कव्हर लगेच उघडू नका. मघाची डोलणारी रॉकर जोडी बघा. जो सिलिंडर धूर ढकलून वर आलाय त्याचे दोन्ही रॉकर खुणेच्या आसपासच डोलले पाहिजेत. खुणेच्या बऱ्याच आधी किंवा बऱ्याच नंतर डोलत असतील तर चेन दाताने सरकून बसलीये, मग कव्हर उघडायलाच लागेल.

कॉम्प्रेशन

सपाट आवाज येत असेल तर इथे या. कॉम्प्रेशन गेज भाड्याने मिळतो, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दणके द्या. नवीन रिंगा अजून बसलेल्या नसतात म्हणून आकडा पुस्तकापेक्षा कमी येणारच, घाबरू नका, चारही एकमेकांच्या जवळ आहेत का तेवढं बघा. एकात जवळजवळ शून्य, बाकी ठीक, तर तिथला व्हॉल्व्ह मिटत नाहीये.

आणि तो न मिटायचं कारण नवीन बांधलेल्या इंजिनात बहुतेक वेळा टॅपेट असतात, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधल्या गॅपचं सेटिंग. सीट कापली, व्हॉल्व्ह घासला की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत जाऊन बसतो आणि त्याची दांडी रॉकरकडे तेवढीच वर येते, म्हणजे जुना गॅप होता तसा ठेवला तर आता गॅपच उरत नाही आणि रॉकर व्हॉल्व्हला थोडासा उघडाच धरून ठेवतो. सगळे टॅपेट पुस्तकातल्या मापाने पुन्हा सेट करा, ज्या सिलिंडरचे करताय तो कॉम्प्रेशनला असतानाच. पुशरॉड खाली वाटीत नीट बसलाय की बाजूला टेकलाय तेही बोटाने फिरवून बघा.

गेजवर चारही कमी असतील तर प्रत्येक भोकात चहाचा एक चमचा ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वर आला तर रिंगांकडून गळतंय, बहुतेक पेट्रोलने बोअर धुतलाय, आणि त्या ऑइलनेच इंजिन पकडायची शक्यता वाढते. आकडा हललाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट.

एक राहिलं. इंजिन उघडं असताना आत नट पडू नये म्हणून आपण मॅनिफोल्डमध्ये कापडाचे बोळे कोंबतो. ते सगळे मोजून बाहेर आलेत का? एका मित्राचं इंजिन दोन सेकंद चालून गुदमरल्यासारखं बंद पडत होतं, एक्झॉस्टमध्ये पिवळं डस्टर निघालं. तेव्हापासून मी बोळ्यांना लाल सुतळी बांधून तिचं टोक बाहेर लोंबकळत ठेवतो.

पकडल्यावर

आनंदाने ॲक्सिलरेटर पिळू नका. पहिलं लक्ष ऑइलच्या दिव्याकडे, पाच-दहा सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. कॅमशाफ्ट किंवा टॅपेट नवीन घातले असतील तर आयडलला सोडायचं नाही, १५०० ते २५०० आरपीएमच्या मधे कमीजास्त करत वीस मिनिटं चालवायचं, कारण कॅमवर ऑइल उडून पडतं ते वेगामुळे, आणि पहिल्या वीस मिनिटांतच ते दोन पृष्ठभाग एकमेकांत बसतात किंवा खराब होतात. रेडिएटरचं झाकण सुरुवातीला उघडं ठेवून हवा निघू द्या, पाणी खाली गेलं की भरा, पण इंजिन तापायच्या आत झाकण लावून टाका, गरम झाल्यावर उघडायला जाऊ नका. टेंपरेचरवर डोळा ठेवा, नवीन इंजिन थोडं जास्त तापतं. थोडा धूर येईल, बांधताना लावलेलं ऑइल आणि ग्रीस जळतंय.

मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर, आणि सकाळी हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क रेंचने परत तपासा, टॅपेट परत बघा, कारण नट आवळले की टॅपेटचा गॅप बदलतो. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढा, आणि ते पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये काढून उन्हात धरा. बारीक राखाडी चकाकी दिसेल, ती रिंगा बसल्याची, चालेल. तांब्याच्या रंगाचे कण किंवा बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर गाडी आहे तिथेच उभी करा आणि चेंबर उतरवा.